कोनाड्यातले अकरा नारळ

सोमवार, कार्तिक वद्य द्वादशी. सकाळी साडेआठ. महादेव मंदिराचा सभामंडप, मानवत.

हजर: अप्पा, माई, गुरवकाका, नलूताई आणि भजनी मंडळातल्या चौघी, मंगल, मी.

अप्पा, पहिलं नाव सवयीने लिहिलं गेलं. वीस वर्षं सोमवारची हजेरी तुमच्यापासूनच सुरू होते आहे. लक्षात आलं तेव्हा खोडायला पेन टेकवलं, पण माई शेजारी बसल्या होत्या आणि त्यांचं लक्ष वहीवर होतं. म्हणून राहू दिलं.

तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. ह्या अठरा दिवसांत मी बरीच कामं उरकली. दाखला काढला, माईंच्या पेन्शनचे कागद परभणीला पोचवले, तुमच्या सायकलचं पंक्चर काढून ती भिंतीला लावून ठेवली. सगळ्या कामांपुढे बरोबरची खूण केली आहे. तरी रोज सकाळी जाग येते ती गॅस चालू ठेवून घराबाहेर पडल्यासारखी. उठते, पाणी पिते, यादी काढून बघते. यादीत काही राहिलेलं नसतं. काय राहिलंय ते मला माहीत आहे, आणि तेच सांगायला हे लिहिते आहे.

कोनाडा रिकामा आहे, अप्पा. तो माझ्यामुळे रिकामा झाला.

*

तुमची माझी ओळख झाली त्या दिवशी मी स्टँडवरच्या बाकावर दोन पेट्या आणि एक वळकटी घेऊन बसले होते. शाळेत लिपिक म्हणून हजर होऊन तीन दिवस झाले होते आणि तीन दिवसांत सात घरांनी मला खोली नाकारली होती. एकतीस वर्षांची बाई, एकटी, नवऱ्याचं नाव विचारलं की विषय बदलणारी. जिंतूरहून दोन बस बदलून येत-जात होते. त्या दिवशी सकाळी भावाने माझ्या पेट्याही बसमध्ये चढवून दिल्या. त्या त्याने व्यवस्थित दोरीने बांधल्या होत्या.

तुम्ही तेव्हा स्टँडवर कंट्रोलर होता. खिडकीतून तुम्ही मला तास-दीड तास पाहिलं असणार.

"बाई, जिंतूर गाडी गेली. आता पुढची साडेपाचला."

"मला जायचं नाही."

"मंग कुणी येणारंय?"

"नाही."

"मंग ह्या पेट्या कामून आणल्या?"

तुम्ही खिडकी लावली, हमालाला पेट्यांजवळ बसवलं आणि म्हणालात, "चला." मंदिराच्या दारातल्या दुकानातून एक नारळ घेतलात आणि मला थेट एका निवृत्त तलाठ्यांच्या घरी नेलंत. त्यांना काय म्हणालात ते मी अजून विसरलेले नाही. "ही बाई तुमच्या मागच्या खोलीत राहील. शब्द माझा. हिचं नाव मला अजून ठाऊक न्हाई, पण ते ती सांगंल."

मग आपण तिघं मंदिरात आलो. नारळावर तलाठ्यांचा हात, माझा हात, वर तुमचा. शेंडीला सुताचा दोरा बांधून तुम्ही तो गाभाऱ्याबाहेरच्या कोनाड्यात ठेवलात. नारळ वाजेपर्यंत घरमालकाने 'जा' म्हणायचं नाही. नारळ वाजेपर्यंत भाडेकरूने कामाचा खाडा करायचा नाही आणि घराला बोल लागू द्यायचा नाही. आणि नारळ वाजेपर्यंत दोघांमधलं काहीही असो, बोलावणं तुम्हाला येणार. तुम्ही दर सोमवारी उंबऱ्याशी उभे राहायचात, आत यायचा नाहीत. "सगळं ठीक?" एवढंच विचारायचात.

आठ महिन्यांनी तुम्ही शाळेच्या ऑफिसात आलात आणि मुख्याध्यापकांसमोर तो नारळ माझ्या कानाशी धरून हलवलात. आतलं पाणी आटून खोबऱ्याचा गोटा करवंटीपासून सुटला होता. गुडगुड वाजत होता. "ऐका, बाई," तुम्ही म्हणालात, "बिऱ्हाड रुळलं." तलाठ्यांच्या उंबऱ्यावर नारळ फोडला, अर्धं खोबरं त्यांना, अर्धं मला. तुमचा शब्द तिथे संपला. त्यानंतर मी त्या घरात माझ्या नावावर राहिले, आणि तुम्ही मला 'तुमी' म्हणायचं सोडून 'तू' म्हणायला लागलात.

ही पद्धत कुणाची, ते तुम्ही कधी एकसारखं सांगितलं नाहीत. कधी गुरवकाकांच्या आजोबांची म्हणायचात, कधी निजामाच्या काळातल्या कुठल्या मुनीमजींची. एकदा तर म्हणालात की तुम्हीच सुरू केली, पण लोकांना जुनी वाटावी म्हणून आजोबांचं नाव लावलं. मी तेव्हा वहीत तिन्ही लिहून ठेवलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. आता ते तसंच राहणार.

*

स्टँडवर बसून तुम्हाला एक गोष्ट कळली होती, जी मला कळायला वर्षं लागली. कापसाच्या जिनिंगचा मुकादम विचारतो, राहतोस कुठे. घरवाली विचारते, काम काय करतोस. ह्या दोन प्रश्नांच्या मधे अडकलेला माणूस स्टँडवर येऊन बसतो. तुम्ही दोन्ही एकाच आठवड्यात करायचात. कोनाड्यात नारळ गेला की मुकादमाला, डाळमिलवाल्याला, वसतिगृहाच्या बाईंना जाऊन सांगायचात, "त्याचा नारळ हाय महादेवापाशी." तेवढं पुरायचं.

मंडळातले काही जण एकदा म्हणाले होते की ज्यांचा नारळ ठेवला त्यांनी सोमवारच्या भजनाला यायलाच हवं. देवाच्या नावावर खोली मिळते, मग देवापुढे बसायला काय होतं? मीसुद्धा त्यांच्या बाजूने होते, कबूल करते. हजेरी घेणं सोपं गेलं असतं. तुम्ही टाळ खाली ठेवलेत. "ज्याला सहा वाजता जिनिंगमधी उभं ऱ्हायचंय, त्याची हजेरी देवानं तिथं जाऊन घ्यावी. देवाला काय काम हाय दुसरं?" सगळे हसले आणि विषय संपला. पुढच्याच महिन्यात गॅरेजवाल्या मेकॅनिकसाठी, आपल्या रिझवानसाठी नारळ ठेवला. तो म्हणाला, "अप्पा, नारळ तुमचा, मला खोली द्या म्हंजी झालं." त्याचा नारळ सहाव्या महिन्यात वाजला. तो लवकर वाजला ते उन्हाळ्यामुळे, असं तुम्ही कुणाला म्हणू दिलं नाहीत.

पण माझं-तुमचं खरं भांडण वहीचं होतं.

मला प्रत्येक नारळावर चिठ्ठी हवी होती. नाव, घरमालक, ठेवल्याची तारीख. तुम्हाला ते सगळं डोक्यात होतं. कोणता नारळ कुणाचा ते शेंडीवरून, दोऱ्याच्या गाठीवरून, कोनाड्यातल्या जागेवरून सांगायचात. मी दर वर्षी विषय काढायचे आणि दर वर्षी तुम्ही टाळायचात.

"अप्पा, उद्या तुम्हाला काही झालं तर?"

"तर मला काही झालं आसंल. नारळाला काय होतंय?"

"चिठ्ठी लावली तर काय बिघडेल?"

"चिठ्ठी लावली की तू चिठ्ठी बगशील. मग त्या माणसाच्या दारात कशाला जाशील?"

मी म्हणायचे, हे आळसाचं तत्त्वज्ञान आहे. तुम्ही म्हणायचात, "लय लिहिती तू, लिपिकबाई. एखाद दिवशी पेन घरी ठिवून ये."

आणि त्या भिंतींचं काय, अप्पा? तुमचा शब्द फसला होता तेव्हाचं. ते कुटुंब सांगून न जाता निघून गेलं. मागे काजळलेल्या भिंती, फुटलेलं मोरीचं भांडं. घरमालक तुम्हाला काही बोलला नाही. तुम्हीच चुन्याची बादली घेऊन गेलात आणि सत्तरीत, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, दोन दिवस ती खोली रंगवलीत. मी शाळेतून सुटून आले आणि तुमच्यावर ओरडले. रंगारी बोलावता आला असता, मी एका फोनवर बोलावला असता. तुम्ही शिडीवरून खाली बघून म्हणालात, "शब्द मी दिला, रंगाऱ्यानं न्हाई." मी रागाने निघून आले. तुमच्या केसांवर चुना पडला होता. त्या वेळी जे म्हणायला हवं होतं ते म्हटलं नाही. मला तुमची भीती वाटली होती. एवढी किंमत मोजणारा शब्द मला कधी द्यावा लागला तर, ह्याची भीती.

*

दवाखान्यात शेवटच्या आदल्या दिवशी माई चहा आणायला खाली गेल्या होत्या. मी तुमच्या उशाशी गोळ्यांच्या वेळा लिहीत होते. तुम्ही म्हणालात, "कोनाड्याकडं ध्यान असू दे."

"हो," मी म्हटलं.

तेवढं एकच मी लिहून घेतलं नाही. मला वाटलं, हे काय लिहायचं, हे तर लक्षात राहीलच. जन्मात एकदाच तुमच्या पद्धतीने वागले.

मग तेराव्याची तयारी. घरी गोडजेवण, दुपारी मंदिरात मंडळाचं भजन. माणसं येणार होती म्हणून मंदिराची साफसफाई माझ्याकडे. मी नवी यादी केली नाही. महाशिवरात्रीची जुनी यादी होती, ती तशीच उतरवली. सभामंडप धुणे. समयांची काजळी काढणे. सगळे कोनाडे रिकामे करून पुसणे. खिरापतीसाठी नारळ. मंडळातल्या बायकांना चार-चार कामं वाटून दिली आणि मी आचाऱ्याकडे गेले.

दर महाशिवरात्रीला तीच यादी असते, अप्पा, आणि दर महाशिवरात्रीला एका कोनाड्याला कुणी हात लावत नाही, कारण तिथे तुम्ही उभे असता. कधी पाठ टेकवून, कधी उगीच दोरे सारखे करत. ते यादीत नव्हतं. तुम्ही जी कामं करायचात त्यांतलं एकही यादीत कधी नव्हतं.

मी परत आले तेव्हा बायका पायरीवर बसून नारळ फोडत होत्या. सुताचे दोरे एका बाजूला गोळा करून ठेवले होते, नीट, गुंता न होऊ देता. परातीत खोबरं होतं. बरंचसं वाळलेलं, गोट्याचं. दिवाळीनंतर फोडू म्हणून तुम्ही थांबवलेले ते सहा. ते फुटायचेच होते. पण परातीच्या तळाशी पाणी होतं. बोटभर पाणी, आणि त्यात एक पांढराशुभ्र, ओला तुकडा.

नलूताईंनी मान वर करून विचारलं, "झालं की गं सगळं. अजून काय राहिलं?"

मी वही उघडली आणि त्या ओळीपुढे खूण केली. तेव्हा मला ओरडता आलं असतं, रडता आलं असतं. मी खूण केली.

भजन छान झालं. खिरापत सगळ्यांना वाटली. घरमालक आले होते, त्यांनी कपाळाला लावून खाल्ली. भाडेकरूंनी खाल्ली. सगळ्यांना वाटलं, अप्पा गेले, त्यांचे शब्द रीतीप्रमाणे सोडवले. एक जण तर मला म्हणाले, "बरोबर केलंत बाई. माणूस गेला, शब्द अडकून ऱ्हाऊ न्हाई."

*

सहा बिऱ्हाडं रुळलेली होती, त्यांची काळजी नव्हती. चार अर्धवट वाळलेले. शनिवारी-रविवारी मी त्या चारही घरमालकांकडे जाऊन आले. त्यांनी मला बसवलं, चहा दिला, म्हणाले, राहू द्या, माणसं चांगली आहेत, आता सवय झाली. चार खुणा.

अकरावा मंगलचा होता. तो ओला तुकडा.

मंगल तुम्हाला दिवाळीच्या आठ दिवस आधी स्टँडवर भेटली होती. चारठाण्याकडच्या खेड्यातली, दोन मुली घेऊन भावाच्या घरून निघालेली. तुम्ही शकुंतलाकाकूंची वरची खोली मिळवून दिलीत आणि दोन गल्ल्या पलीकडे मुलींच्या वसतिगृहात पोळ्या लाटायचं काम. पहाटे साडेपाचला हजर व्हावं लागतं म्हणून खोली जवळच हवी. मोठी मुलगी सातवीत आहे. तिचं नाव शाळेच्या रजिस्टरमध्ये मीच चढवलं. तुम्ही ठेवलेला तो शेवटचा नारळ.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी मंगलला सांगितलं, अमावास्येच्या आत खोली रिकामी कर. मंगल धावत शाळेत आली.

"ताई, काकू म्हन्ती नारळ फुटला. माझा नारळ कवा फुटला?"

मी सांगितलं. ती कौंटरला धरून उभी राहिली.

"म्हंजी काल म्या खाल्ली ती खिरापत?" ती म्हणाली. "मी तर दोन बार मागून घेतली. म्हनलं अप्पांचा परसाद हाय, पोरींनाबी घ्यावा." मग हळूच म्हणाली, "माझाच नारळ खाल्ला व्हय मी."

काकू वाईट नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. मुलींना शेंगदाण्याचे लाडू देतात. पण पंचाहत्तरीच्या आहेत, एकट्या आहेत, आणि मंगलच्या नवऱ्याने भावाच्या दारात घातलेला गोंधळ त्यांनी कुणाकडून तरी ऐकला आहे. त्यांचा मुलगा उद्या पुण्याहून येतो आहे. वरच्या खोलीसाठी त्याने कुणी नोकरदार बघून ठेवला आहे.

मी शुक्रवारी काकूंकडे गेले. फाइल घेऊन गेले होते. भाडेकरार, आधारच्या प्रती, पोलीस ठाण्यात द्यायचा फॉर्म भरून, वसतिगृहाचं पत्र. सगळं क्रमाने लावलेलं. काकूंनी एकेक कागद चष्म्याजवळ धरून पाहिला.

"लय नीट केलंस," त्या म्हणाल्या. "हे माझ्या लेकाला दाव. त्याला कागद आवडतेत."

"म्हणजे चालेल ना, काकू?"

"मला एक सांग. हिचा नवरा माझ्या दारात यून बोंबलला, तर ह्यातला कोणता कागद उठून बाहेर यील?"

मी पोलीस ठाण्याचा फॉर्म वर काढला आणि परत खाली ठेवला.

"अप्पा आला असता," त्या म्हणाल्या. "नारळ तुमीच फोडला, सुनंदा. मी डोक्याला लावून खिरापत खाल्ली. आता मला बोल लावू नको."

"नारळ चुकून फुटला, काकू."

"आसंल. मंग दुसरा ठिव. कुणी अडवलंय?" त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "पर हात कुणाचा ठिवतीस वरून?"

मी फाइल आवरली. चहा अर्धा राहिला.

*

म्हणून आजच्या बैठकीत विषय एकच होता. मंगलसाठी नवा नारळ, आणि शब्द कुणाचा. नारळ कसे फुटले हे निघालं तेव्हा नलूताई पटकन म्हणाल्या, "आमच्या हातून झालं," आणि मी ते तसंच वहीत उतरवलं.

गुरवकाका म्हणाले, ते देवाचे चाकर, आजवर कुणासाठी बोलले नाहीत. माई म्हणाल्या, "शब्द ह्यांचा व्हता. मला कोण वळखतंय? मी सैपाकघरातून चहा दिला निस्ता." मंडळातल्या एकीने सुचवलं की शब्द सगळ्या मंडळाचा द्यावा. ऐकायला बरं वाटलं. पण दारात गोंधळ झाला तर सगळं मंडळ कसं उठून येणार, असं दुसरीने विचारलं तेव्हा सुचवणारीनेच मान हलवली. मंगल खांबाला टेकून बसली होती. तिच्या हाताला पीठ होतं, सकाळच्या पोळ्या लाटून तशीच आली होती. ती सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होती. मग सगळ्यांसारखीच ती माझ्याकडे बघायला लागली.

मी वहीत लिहिलं: 'विचार करून ठरवणे.'

आणि बैठक संपवली, अप्पा. तुम्ही असता तर मला हाकलून दिलं असतंत.

सगळे उठल्यावर नलूताई सतरंज्या घडी करत होत्या. मी दुसरं टोक धरलं. पाच दिवस पोटात होतं ते तेव्हा बाहेर आलं.

"नलूताई, ते कोनाडे रिकामे करणं माझ्या यादीत होतं. तुमची चूक नव्हती. मी उगीच गप्प बसले."

"आमाला ठाऊक हाय की," त्या म्हणाल्या. "यादी आमीच वाचली न्हवं."

"मग तुम्ही आत्ता 'आमच्या हातून झालं' असं का म्हणालात?"

"तू लई पांढरी पडली व्हतीस म्हनून." त्यांनी सतरंजीचं टोक माझ्या हातातून घेतलं. "तुज्या यादीत आसतंय ते आमी करतो, सुनंदा. यादीत नसतंय ते अप्पा करायचे. आता ते कोण करंल ते तूच बग."

*

अकरा वाजलेत. शाळेत अर्धी रजा टाकली आहे. सभामंडपात आता मी एकटीच आहे, आणि समोर तो कोनाडा. पुसून इतका लख्ख झाला आहे की दगडावरच्या जुन्या शेंदराच्या रेषाही दिसतात. नलूताईंनी ते अकरा दोरे फेकले नाहीत, वळून तिथेच ठेवले आहेत. कोणता कुणाचा, ते मला सांगता येत नाही.

तुमच्याशी भांडायचंच तर एवढं म्हणते: चिठ्ठ्या असत्या तर नारळ वाचले असते. बायकांनी नावं वाचून हात थांबवला असता. ह्या मुद्द्यावर मी अजून बरोबर आहे. पण मंगलची खोली चिठ्ठीने वाचली नसती, हेही मला शुक्रवारी काकूंच्या ओट्यावर कळलं, आणि ह्या मुद्द्यावर तुम्ही बरोबर होता.

आभार मानायचे राहिले. वीस वर्षं तुमच्याशी दर सोमवारी बोलले आणि ते राहिले. माझं नावही माहीत नसताना तुम्ही माझ्यासाठी हात ठेवलात. मी मंगलचं नाव, वय, आधार क्रमांक, मुलींची इयत्ता, सगळं जाणते आणि माझा हात उचलत नाही. काकूंचा फोन कधी येईल, मी वर्गांच्या याद्या करत असेन तेव्हा येईल का, तिचा नवरा किती मोठा असेल, त्याच्यासमोर उभी राहून मी काय बोलेन. आणि तो जर म्हणाला, तूसुद्धा नवऱ्याला सोडून आलेलीच ना, तुझ्या शब्दाला काय वजन, तर? ह्यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर आधी लिहून ठेवता येत नाही. मी दोनदा प्रयत्न केला.

तुम्हाला अशी भीती वाटायची का? दर सोमवारी त्या उंबऱ्यांपाशी जाताना? तुम्ही 'फिकीर करू नको' इतक्यांदा म्हणायचात की मला हे विचारायचं कधी सुचलंच नाही. आता वाटतं, तुम्ही आत न येता बाहेरच उभे राहायचात, ते कदाचित पाय थरथरत असतील म्हणूनही असेल. असेल तर बरं. मला थोडा धीर येईल.

दारातल्या दुकानातून नारळ घेतला आहे. बैठकीच्या आधीच घेतला होता, कुणाला दाखवला नाही. कानाशी धरून हलवला. काठोकाठ भरलेला आहे, आवाजच येत नाही. वाजायला सात-आठ महिने लागतील. म्हणजे पुढचा उन्हाळा सरेपर्यंत. म्हणजे तीस-पस्तीस सोमवार.

सकाळी बैठकीला येण्याआधी काकूंच्या गल्लीच्या तोंडापर्यंत एकदा जाऊन आले. त्या ओट्यावर गहू निवडत होत्या. त्यांनी मान वर करण्याआधी मी वळले.

मंगल बाहेर पायरीवर बसून आहे. तिला मी थांब म्हटलेलं नाही, जा असंही म्हटलेलं नाही. तिची दुपारची पाळी चारला सुरू होते. काकूंचा मुलगा उद्या सकाळच्या गाडीने येतो. ही वही आणि पेन मी आता गुरवकाकांकडे ठेवते आहे.

आजच्या यादीत एकच ओळ आहे, आणि तिच्यापुढे खूण नाही: काकू आणि मंगल यांना मंदिरात घेऊन येणे, नारळावर वरून माझा हात.